इंटरलॉक आणि दोन झाकणं द्राक्षासव

माझी गाडी वर्षभर माझ्या तोंडाचा वास घेतल्याशिवाय सुरू होत नव्हती. बायकोने ते काम केव्हाच सोडून दिलं होतं, त्यामुळे कोणीतरी आपली इतक्या जवळून दखल घेतंय याचं सुरुवातीला मला थोडं बरंही वाटलं.

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मी कोर्टात दोषी ठरलो होतो. आधी काही महिने लायसन्स गेलं. परत मिळालं ते या अटीवर, की गाडीत इंटरलॉक नावाचं यंत्र बसवायचं, ते वर्षभर ठेवायचं आणि तेही स्वतःच्या खर्चाने. दिसायला जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखं, वेटोळ्या वायरवर लोंबणारं. त्यात फुंकायचं, आणि फुंकता फुंकता घशातून हुंकारही द्यायचा. म्हणजे फुंकणारा माणूस आहे, सायकलचा पंप नाही, याची त्याला खात्री पटते. समोर बारीक कॅमेरा, तो फोटो काढतो. दारूचा अंश नसला तर हिरवा दिवा लागतो आणि गाडी सुरू होते. असला तर लाल लागतो, गाडी काही मिनिटं लॉक होते आणि त्याची नोंद राहते.

सिडनीच्या गिरावीन उपनगरात आमच्या रस्त्यावर सगळी आपलीच माणसं. सकाळी सातला मी ड्राइव्हवेत बसून गाल फुगवून हम्म्म करायचो, तेव्हा समोरचे तेलुगू काका कचऱ्याचा बिन बाहेर काढत असायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त त्या वर्षी त्यांच्या बायकोने दिवाळीचा फराळ वाटला, तेव्हा माझ्या मित्रांच्या घरी काजूकतली गेली आणि आमच्याकडे चिवडा आला.

मित्र विचारत नसत, ते थेट बोलत. "काय रे, बासरी कशी चाललीय?" "आमच्याकडे येताना यंत्र घेऊन ये, केकवरच्या मेणबत्त्या विझवायला होईल." मीही हसायचो. गेली पंचवीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमात किस्से सांगणारा माणूस मी. स्वतः किस्सा झाल्यावर तोंड लपवून कसं चालेल?

किस्सा असा होता. वेंटवर्थव्हिलला एका मित्राच्या पन्नाशीचा बार्बेक्यू. रविवारची दुपार, मी रंगात आलो होतो. माझ्या किश्शांना बिअर लागते; ऐकणाऱ्यांना तर जास्तच लागते. चारच्या सुमारास लक्षात आलं की आम्ही आणायचं कबूल केलेलं श्रीखंड घरी फ्रिजमध्येच राहिलंय. घर दहा मिनिटांवर. "हा गेलो आणि हा आलो," असं म्हणून मी किल्ली उचलली. मुलगी म्हणाली, "मला चार्जर हवाय," आणि मागे बसली. तेरा वर्षांची होती. वळणावर पोलीस सगळ्याच गाड्या थांबवून तपासत होते. मी फुंकलं. पोलिसाने आकडा पाहिला, मग मागच्या सीटकडे पाहिलं आणि म्हणाला, "मेट, लेकरू आहे मागे." मला वाटतं कोर्टाने दिलेली शिक्षा त्या चार शब्दांपुढे काहीच नव्हती. हे मी मोठ्या मनाने म्हणतोय असं वाटेल. तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "फक्त श्रीखंड आणायला चाललोय." श्रीखंड म्हणजे काय, हेही त्याला समजावून सांगायला लागलो होतो.

बायको पार्टीतून कोणाच्या तरी गाडीने आली आणि मुलीला घेऊन गेली. पाहुण्यांनी आईस्क्रीम खाल्लं.

माझी बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. ती धमक्या देत नाही, रिपोर्ट देते. यंत्र बसलं त्या संध्याकाळी भेंडी चिरता चिरता तिने रिपोर्ट दिला. "मला भांडायचं नाही. त्या यंत्रात एकदा जरी लाल दिवा लागला, तर मी हिला घेऊन वॉलॉंगॉंगला जाईन. ताईची वरची खोली रिकामी आहे. तिथल्या हॉस्पिटलात लॅबमध्ये जागाही आहे. मी विचारून ठेवलंय."

"एकदा म्हणजे अगदी एकदाच?" मी विचारलं. मला वाटलं थोडं विनोदाने घ्यावं.

"पहिल्यांदा होऊन गेलंय," ती म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली.

त्या दिवसापासून तिने आमची गाडी चालवणंही सोडलं. कारण ती चालवणार असली तर फुंकावंही तिलाच लागणार होतं. "गुन्हा तुझा आणि फोटो माझा? नाही जमणार." मी तिला सकाळी स्टेशनवर सोडायचो, मग मुलीला शाळेत. ती शेजारी बसून माझ्याकडे न बघता दिव्याकडे बघायची. हिरवा लागला की सीटबेल्ट लावायची. त्याआधी कधीच नाही.

दहा महिने हिरवा लागला. मी थेंबाला शिवलो नाही, हे अगदी खरं आहे. आणि मग पुण्याहून आई आली.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. आणि ते कळू द्यायचं नव्हतं, कारण माझे वडील दारूने गेले. वडील आरडाओरडा करणारे नव्हते. हसतमुख होते, चारचौघांत लाडके होते, आणि महिन्यातले दहा दिवस कुठे असायचे ते कोणालाच माहीत नसायचं. आईने ते तीस वर्षं काढलं. ते गेल्यावर तिने घरात दारू येऊ दिली नाही; इतकं, की एका भाचीने परदेशातून आणलेली चॉकलेटं आत रम आहे असं कळल्यावर तिने चिमट्याने उचलून बाहेर टाकली. चिमट्याने. मला आठवतंय, कारण त्यातली दोन मी आधीच खाल्ली होती.

विमानतळावरून येताना तिने विचारलं, "हे काय तोंडात धरतोस रे?"

"चोरांसाठी आहे," मी म्हणालो. "मालकाचा श्वास ओळखतं. दुसऱ्या कोणी फुंकलं तर गाडी सुरूच होत नाही."

मागून मुलीने "ओ माय गॉड" असं म्हटलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. रात्री ती मला एवढंच म्हणाली, "त्यांनी मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

आईने तिला विचारलंच नाही, कारण त्या दोघींचं फारसं बोलणंच नव्हतं. तिने उलट माझं यंत्र सगळीकडे मिरवलं. देवळात भेटणाऱ्या बायकांना सांगितलं, पुण्याच्या बहिणींना फोनवर सांगितलं. "आमच्याकडे गाडीला किल्ली नुसती नावाला. याचा श्वास लागतो, श्वास!" देवळातल्या बायकांचे नवरे माझे मित्र होते. त्यांनी तिचं अज्ञान मोठ्या प्रेमाने जपलं. "आई, खरंच फार महागाचं यंत्र आहे हो. सगळ्यांना मिळत नाही. सरकार निवडक लोकांनाच देतं." ती घरी येऊन मला ते अभिमानाने सांगायची, आणि मी मान डोलवायचो.

जुलै लागला. सिडनीचा हिवाळा म्हटलं तर पुण्याच्या लोकांना हसू येतं, पण इथली घरं आतून थंड असतात. मला खोकला धरला. यंत्र निघायला सहा आठवडे राहिले होते. आई रात्रभर माझा खोकला ऐकायची आणि सकाळी सांगायची की काल मी किती वेळा उठलो. तिने स्वतःची बाटली काढली. ती रोज दोन्ही जेवणांनंतर दोन चमचे द्राक्षासव घ्यायची, कोमट पाण्यात. गेली कित्येक वर्षं. त्यावरच तिचं पोट चालतं, झोप लागते आणि सगळं जग सुरळीत राहतं असं तिचं मत. "हे घे. छातीला बरं. मनुकांचं असतं, गोड आहे." सकाळी सातला, मी किल्ली हातात घेतलेली, बायको-मुलगी गाडीत बसलेल्या, आणि आई दारात बाटलीचं झाकण भरून उभी. चमच्याने तिचं समाधान होईना म्हणून दोन झाकणं. पाणी घालायला वेळ नव्हता. मी ती घशात ओतली, छान गोड लागली, आणि गाडीत जाऊन फुंकलं.

लाल.

मी आधी हसलो. मला खरंच वाटलं यंत्र बिघडलंय. मग मी शेजारी पाहिलं. बायको सीटबेल्ट न लावता तशीच बसली होती, हात मांडीवर.

"मी काही घेतलं नाही," मी म्हणालो.

"ठीक आहे."

"अगं देवाशप्पथ. सकाळचे सात वाजलेत!"

"तेव्हा दुपारचे चार वाजले होते," ती म्हणाली, दार उघडून उतरली आणि आत गेली. मी मागे धावलो तोवर तिने कपाटावरची निळी बॅग पलंगावर टाकली होती. ती चिडलेली नव्हती. तिने मुलीला हाक मारून सांगितलं, "स्कूलचं आयपॅड घे, चार्जर विसरू नकोस." आणि कपडे घडी घालून ठेवायला लागली, जशी सुट्टीला जाताना ठेवते तशी, मोजे बुटांत कोंबून.

मी बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझा आवाज वडिलांसारखा येत होता. मग खोकला आला, तोंडात ती गोड चव परत आली आणि डोक्यात उजेड पडला. मी पळत जाऊन बाटली आणली. लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की यात आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो. पाच ते दहा टक्के. बिअरपेक्षा जास्त!

"हे बघ! हे बघ, आईने आत्ता दिलं. दोन झाकणं!"

तिने लेबल वाचलं. ती नेहमी वाचते तसं, बाटली लांब धरून, शेवटच्या ओळीपर्यंत. "आता आईंच्या औषधावर ढकलतोयस," ती म्हणाली.

"मी सिद्ध करतो. तू घे दोन झाकणं आणि फुंक."

"मला ट्रेन पकडायचीय."

मी मुलीकडे पाहिलं. ती दारात पाठीला दप्तर लावून उभी होती. "नो वे," ती म्हणाली. "आय अ‍ॅम नॉट गोइंग टु बी इन युअर क्रिमिनल फोटोज्."

घरात आणखी एकच माणूस होतं. अख्ख्या गिरावीनमध्ये ज्याच्यावर दारूचा संशय घेताच येणार नाही असं एकमेव माणूस, आणि ते स्वयंपाकघरात माझ्या डब्याला झाकण लावत होतं.

इथे मला थांबता आलं असतं. मी नंतर पुष्कळदा तिथे थांबून बघितलंय.

"आई," मी म्हणालो, "तुझं औषध घेतलंस का आज?"

"नाही रे, जेवणानंतर घेते."

"आत्ता घे ना. दोन झाकणं. आणि जरा गाडीत चल, गंमत दाखवतो."

तिला वाटलं खरंच गंमत आहे. तिने शाल गुंडाळली, औषध घेतलं आणि ड्राइव्हवेत येऊन अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून पाहिले. "मी फुंकलं तर सुरू होईल का रे? मालकाची आई म्हटल्यावर ओळखेल की!" समोरचे तेलुगू काका बिन घेऊन उभे होते, त्यांना तिने हात केला.

बायको आणि मुलगी बॅग घेऊन पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दोन वेळा आईचा श्वास पुरला नाही. हुंकार जमेना. "हम्म्म कर, आई. भ्रामरी करतेस ना सकाळी, तसं." मग मात्र तिला अचूक जमलं. डोळे मिटून, पाठ ताठ, लांबलचक हम्म्म. प्राणायामाच्या वर्गातल्या बाई असत्या तर खूश झाल्या असत्या. कॅमेऱ्याने तो फोटो काढला.

लाल.

"बघितलंस!" मी ओरडलो. हात वर करून ओरडलो, जसं क्रिकेटमध्ये विकेट गेल्यावर ओरडतात. "लाल! आईलाही लाल!"

आईने डोळे उघडले. "नाही ओळखलं का?" ती हिरमुसली होती.

शेवटी मुलगी बोलली. या घरात खरं बोलायची वेळ आली की आम्ही मोठे लोक नेहमी त्या पोरीच्या तोंडाकडे बघतो. ती आजीशी एरवी मोडकं मराठी बोलते. त्या दिवशी तिने फार प्रयत्न करून सगळं मराठीत सांगितलं. "आजी, हे चोरांसाठी नाही आहे. बाबा दारू पिऊन ड्राइव्ह करत होता ना, मी पण होते गाडीत, म्हणून पोलिसांनी लावलंय. आणि ते म्हणतंय की तू पण प्यायली आहेस."

आई खाली उतरली नाही. तिने ते यंत्र जागेवर नीट अडकवलं, जसं शेजाऱ्यांची वस्तू परत ठेवतात.

"त्या बाटलीत दारू आहे?" तिने मला विचारलं.

"थोडीशी, आई. औषधापुरती. आपोआप होते ती."

"आणि मी ती रोज घेते. यांच्या फोटोसमोर बसून घेते." हे ती मला सांगत नव्हती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला हे आत्ता मला गाडीत बसवायच्या आधी माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायची शक्ती तेवढ्यापुरती संपली होती.

मग तिने दुसरं काहीच विचारलं नाही; माझ्या पिण्याबद्दल तर एक शब्दही नाही. ते तिला विचारायची गरज नव्हती. त्या विषयातलं तिला सगळं येत होतं.

मी बायकोकडे वळलो. लाज वाटते लिहायला, पण मी त्या क्षणीही जिंकल्यासारखाच उभा होतो. "पटलं आता?"

"मला मघाशीच पटलं होतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लेबल वाचलं तेव्हाच. ती दारू फक्त तोंडात राहते. चूळ भरून दहा-पंधरा मिनिटं थांबला असतास आणि परत फुंकलं असतंस तर आपोआप हिरवा आला असता. खरं प्यालेल्या माणसाला येत नाही. मी लॅबमध्ये काम करते, मला एवढं कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते," ती म्हणाली. "स्वतःला वाचवायला तू कोणाला पुढे करतोस ते."

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी काहीतरी केलं असतं. रागाला माझ्याकडे पंचवीस वर्षांचे किस्से आहेत. पण ती आईकडे बघत होती, आणि मला दिसलं की तिलाही स्वतःची लाज वाटतेय. तिनेही थांबवलं नव्हतं. "आई, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला बसू द्यायला नको होतं."

आई शाल सावरत उतरली. सुनेसमोर उभी राहिली. त्या दोघी इतक्या जवळ उभ्या राहिलेल्या मी लग्नानंतर पाहिल्या नव्हत्या.

"बॅग भरलीस?" आईने विचारलं.

"भरली होती. पण आता..."

"मग उघडू नकोस," आई म्हणाली. "मी पण भरायचे. हे आले, चार गोड शब्द बोलले, की संध्याकाळी उघडायचे. साड्यांच्या घड्या मोडून मोडून विरल्या गं माझ्या."

"आई, अगं मी आज प्यालेलो नाही!" मी म्हणालो. "सिद्ध झालंय ना आत्ताच!"

"हो ना," आई म्हणाली. "शुद्धीत केलंस."

गाडी लॉक होती, त्यामुळे मला त्यांना स्टेशनवरसुद्धा सोडता येईना. त्या चालत निघाल्या. निळ्या बॅगेचं एक चाक खडखडत होतं. मी ती उचलायला पुढे झालो तर मुलीने ती आपल्या हातात घेतली, आणि हेडफोन लावले. तेलुगू काकांनी बिनचं झाकण लावत लावत हिंदीत विचारलं, "भाईसाब, इंडिया जा रहे हैं क्या ये लोग?"

"नहीं नहीं," मी म्हणालो, हसत. "बस, छुट्टी." जुलैतल्या मंगळवारी, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये.

त्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. वॉलॉंगॉंगच्या गाडीला सेंट्रलला बदलावं लागतं, हे मी मोठ्याने म्हणालो, कोणाला ते माहीत नाही. आई दाराच्या पायरीवर उभी होती. तिने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला.

"चूळ भर," ती म्हणाली. "ती काय म्हणाली ऐकलंस ना? तेवढा वेळ थांब आणि फुंक. ऑफिसला उशीर होईल."

मी झुडपाशी उभा राहून चूळ भरली. मग आम्ही थांबलो. ती पायरीवर आणि मी गाडीशी, मध्ये दहा पावलं. मी घड्याळ पाहत होतो आणि ती रस्त्याकडे. मग मी आत बसून फुंकलं.

हिरवा. पहिल्याच फुंकरीला, अगदी स्वच्छ.

"लागला का?" तिने तिथूनच विचारलं.

"लागला."

"मग जा," ती म्हणाली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मी इंजिन चालू करून तसाच बसून राहिलो. इंजिन काही वेळ चालू राहिलं की ते यंत्र मध्येच पुन्हा फुंकायला सांगतं. त्याला एका फुंकरीवर फार वेळ भरवसा ठेवता येत नाही. ते वाजायला लागलं तेव्हा मला कळलं की मी अजून ड्राइव्हवेतच आहे.